लिनक्स सर्व्हर, विंडोज संगणक आणि एक सामायिक प्रिंटर : दोष शोधण्याचा क्रम

सुरत शहराच्या आग्नेय भागातील गोडादरा, लिंबायत, डिंडोली या परिसरांचा खानदेशाशी निकटचा संबंध आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून कापड-उद्योगातील कामासाठी आलेली असंख्य कुटुंबे येथे स्थायिक झाली असून, सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीतर्फे शहरात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालविल्या जातात. जून महिन्यात काही कुटुंबे गावाकडे परततात, तेव्हा मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद ठरतो. त्यावर पुढील प्रवेश अवलंबून असतो, आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणून तो आयुष्यभर जपून ठेवावा लागतो.

अशा परिसरातील एका लहान शाळेचे कार्यालय नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणावे. टेबलांवर विंडोज प्रणालीचे चार संगणक आहेत, कोपऱ्यात लिनक्स प्रणालीवर चालणारा एक सर्व्हर आहे आणि सर्वांना मिळून एकच लेझर प्रिंटर आहे. दाखल्याची माहिती भरून झाली आहे, मुख्याध्यापक स्वाक्षरीसाठी थांबले आहेत, पालकांची गाडी संध्याकाळची आहे. आणि नेमक्या त्याच वेळी संगणक ‘प्रिंटरशी जोडणी होऊ शकत नाही’ असा संदेश देतो. अशा प्रसंगी घाईघाईने काहीतरी करून पाहण्याकडे कल होतो. प्रस्तुत लेखात दोष शोधण्याचा पद्धतशीर क्रम दिला असून, घाईत कोणती गोष्ट कदापि करू नये याचेही विवेचन केले आहे.

व्यवस्थेची रचना

लिनक्स प्रणाली वापरण्यास परवान्याचे शुल्क पडत नाही व ती जुन्या यंत्रावरही समाधानकारक चालते. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्त स्रोत प्रणालींच्या स्वीकाराविषयी धोरण जाहीर केले. तत्पूर्वीच, २००७ मध्ये, सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली उपलब्ध करून दिली होती. या कारणांमुळे सर्व्हर लिनक्सचा आणि टेबलावरील संगणक विंडोजचे, अशी संमिश्र व्यवस्था अनेक कार्यालयांत आढळते.

या व्यवस्थेत तीन घटक एकत्र काम करतात. पहिला घटक ‘कप्स’. मायकेल स्वीट यांनी विकसित केलेली व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रणाली लिनक्स सर्व्हरवर राहून आलेली कामे रांगेत लावते आणि एकेक करून प्रिंटरकडे पाठविते. दुसरा घटक ‘सांबा’. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास या प्रणालीची सुरुवात केली. विंडोज संगणक ज्या ‘एसएमबी’ नावाच्या संकेतपद्धतीने परस्परांशी बोलतात, ती सांबामुळे लिनक्सलाही अवगत होते. एस, एम आणि बी ही तीन अक्षरे असलेला शब्द शोधत असता हे नाव सापडले, हे येथे सहज नमूद करण्यासारखे आहे. तिसरा घटक म्हणजे ड्रायव्हर. पडद्यावरील पानाचे, प्रिंटरला समजतील अशा आज्ञांत रूपांतर करणारी ही आज्ञावली होय.

कारकुनाने छपाईची आज्ञा दिल्यावर विंडोज संगणकावरील ड्रायव्हर पानाचे रूपांतर करतो, सांबा ते स्वीकारते, कप्स ते रांगेत लावते आणि अखेरीस प्रिंटर कागदावर उमटविते. दोष यांपैकी कोणत्याही टप्प्यावर असू शकतो. यास्तव तपासणी नेहमी प्रिंटरच्या बाजूने सुरू करून मागे मागे यावे. म्हणजे जो भाग सुस्थितीत आहे तो निश्चितपणे वगळता येतो.

पहिली पायरी : सर्व्हर व प्रिंटर

सर्वप्रथम सर्व्हरवरूनच चाचणी-पान छापून पाहावे. कप्सचे व्यवस्थापन-पृष्ठ सर्व्हरच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर ब्राउझरमधून उघडते व तेथे ही सोय असते. पान उमटले नाही, तर विंडोज संगणकांना हात लावण्याचे कारण नाही. कागद अडकल्यामुळे किंवा वीज गेल्यामुळे एखादे काम फसले असता कप्स पुष्कळदा ती रांगच थांबवून ठेवते. कागद मोकळा केला, वीज आली, तरी रांग आपोआप चालू होईलच असे नाही. ती हाताने पुन्हा सुरू करावी लागते. प्रिंटर केबलऐवजी नेटवर्कने जोडलेला असल्यास त्याचा पत्ता बदललेला नाही ना, हेही पाहावे. वीज जाऊन आल्यावर राउटरने नवा पत्ता दिला, की सर्व्हर जुन्याच पत्त्यावर कामे पाठवीत राहतो. म्हणून प्रिंटरला स्थिर पत्ता देणे हाच यावरील उपाय होय.

दुसरी पायरी : वाट आणि ओळख

सर्व्हरवरून पान व्यवस्थित छापले गेले, तर पुढचा प्रश्न असा की, विंडोज संगणक सर्व्हरपर्यंत पोहोचतो काय? एसएमबीची वाहतूक ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. सर्व्हरच्या फायरवॉलने तो कार्यालयातील संगणकांसाठी मोकळा ठेवलेला असावा. सर्व्हरचे नाव सापडत नसल्यास त्याच्या अंकी पत्त्याने जोडणी करून पाहावी. पत्त्याने जोडणी झाली व नावाने झाली नाही, तर दोष नावाच्या नोंदीत आहे, प्रिंटरमध्ये नाही, हे उघड होते.

वापरकर्त्याच्या ओळखीबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. लिनक्सवर एखाद्याचे खाते आहे, एवढ्याने त्याला सांबात प्रवेश मिळत नाही. सांबा आपली परवलीच्या शब्दांची नोंद स्वतंत्र ठेवते. तेथेही त्याचे नाव दाखल करावे लागते.

जुना सर्व्हर आणि नवा विंडोज संगणक यांच्यात आणखी एक अडचण उद्भवते. एसएमबीची पहिली आवृत्ती असुरक्षित ठरल्यामुळे विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून ती मूलतः बंद ठेवण्यात आली, आणि सांबानेही २०१९ मध्ये आपल्या ४.११ या आवृत्तीत तेच केले. पूर्वी बसवून विसरलेला सर्व्हर केवळ पहिल्याच आवृत्तीत बोलत असेल, तर नवा संगणक त्याला प्रतिसाद देत नाही. त्याचप्रमाणे २०२४ च्या विंडोज ११ मध्ये स्वाक्षरीयुक्त संभाषणाची अट घालण्यात आल्याने, परवलीच्या शब्दाविना ‘पाहुणा’ म्हणून होणारी जोडणी नाकारली जाते. अशा वेळी सर्व्हरवरील सांबा अद्ययावत करणे व प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र खाते देणे हाच योग्य मार्ग होय.

तिसरी पायरी : ड्रायव्हर

बहुसंख्य तक्रारी या पायरीवर उद्भवतात. सांबाने २००१ साली आपल्या २.२ या आवृत्तीपासून ड्रायव्हर सर्व्हरवरच साठवून ठेवण्याची सोय दिली. विंडोज संगणक प्रिंटरशी प्रथम जोडला जातो, तेव्हा तो ‘प्रिंट-डॉलर’ या राखीव विभागातून ड्रायव्हर आपणाकडे उतरवून घेतो. प्रत्येक टेबलावर जाऊन ड्रायव्हर बसविण्याचे श्रम त्यामुळे वाचतात. मात्र त्यासाठी पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्या लागतात.

ड्रायव्हर संगणकाच्या जातीचा असावा. ६४ बिटांच्या विंडोजला ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही. तो ‘तिसऱ्या प्रकारचा’ असावा. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये आलेला ‘चौथ्या प्रकारचा’ ड्रायव्हर सांबामार्फत पुरविता येत नाही. तो निर्मात्याच्या डिजिटल स्वाक्षरीसह असावा. तो सर्व्हरवर चढविणाऱ्या व्यक्तीस सांबाकडून प्रिंटर-व्यवस्थापनाचा अधिकार दिलेला असावा. ड्रायव्हर चढविल्यानंतर त्या व्यक्तीने प्रिंटरचे गुणधर्म एकदा उघडून मूळ मांडणी जतन करावी. हे शेवटचे काम राहून गेल्यास इतर संगणकांना मांडणीच मिळत नाही, आणि छपाईची खिडकी उघडताच आज्ञावली बंद पडण्यासारखे प्रकार घडतात.

विंडोज ११ च्या २०२२ मधील आवृत्तीपासून छपाईविषयक संभाषणाचा मूळ मार्गही बदलला आहे. सांबाच्या प्रिंटरशी जोडताना ७०९ या अंकांनी संपणारा त्रुटीक्रमांक दिसल्यास, विंडोजच्या धोरण-व्यवस्थेत ‘नेम्ड पाइप’ हा पूर्वीचा मार्ग निवडून पाहावा. या बदलामुळे ड्रायव्हर बसविण्यास लागणारी प्रशासकाची परवानगी शिथिल होत नाही, हे ध्यानी ठेवावे.

कुलूप काढू नये

२०२१ च्या जून महिन्याच्या अखेरीस ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने ओळखला जाणारा गंभीर दोष विंडोजच्या छपाई-सेवेत उघडकीस आला. ही सेवा संगणकावर सर्वोच्च अधिकाराने चालते. त्यामुळे ड्रायव्हर म्हणून एखादी घातक आज्ञावली आत शिरली, तर संपूर्ण संगणक तिच्या ताब्यात जातो. मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये तातडीची दुरुस्ती प्रसृत केली आणि १० ऑगस्ट २०२१ पासून सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरविण्यास प्रशासकाची परवानगी बंधनकारक केली. सप्टेंबरमध्ये ओळख-तपासणी आणखी कडक झाली, तेव्हा अनेक ठिकाणी ११बी या चिन्हांनी संपणारी त्रुटी दिसू लागली आणि काल चालणारे प्रिंटर आज चालेनासे झाले.

यावर दोन सोपे तोडगे सर्वतोमुखी झाले : दुरुस्ती काढून टाकणे, किंवा तपासणी बंद करणारी नोंद रजिस्ट्रीत करणे. दोहोंनीही प्रिंटर चालू होतो. परंतु ज्यासाठी कुलूप लावले होते ते दारही उघडे पडते. शाळेच्या संगणकात शेकडो मुलांची नावे, जन्मतारखा, जातीच्या नोंदी व पालकांचे पत्ते असतात. एका दाखल्याच्या घाईत या सर्वांची सुरक्षितता पणास लावणे कोणत्याही कार्यालयास शोभणारे नाही.

सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत. पहिला असा की, प्रशासकाने स्वाक्षरीयुक्त ड्रायव्हर प्रत्येक संगणकावर स्वतः बसवावा आणि सामायिक प्रिंटरचा पत्ता ‘स्थानिक पोर्ट’ म्हणून द्यावा. मग सर्व्हरकडून ड्रायव्हर घेण्याचा प्रश्नच उरत नाही. चार संगणकांच्या कार्यालयात हे काम एका दुपारी उरकते. दुसरा पर्याय म्हणजे ‘आयपीपी’ या प्रमाणित पद्धतीने कप्सशी थेट जोडणी करणे. या पद्धतीला अनुकूल अशा नव्या प्रिंटरांना विंडोजमधील सर्वसामान्य ड्रायव्हर पुरेसा होतो. निर्मात्यांचे नवे ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत देणे क्रमाक्रमाने कमी करण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केले असल्याने, नवा प्रिंटर खरेदी करताना ही सोय आहे किंवा नाही हे अवश्य पाहावे.

लिनक्सच्या बाजूनेही निर्धास्त राहून चालणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या प्रिंटर-शोधक सेवेत दोष आढळले. या सेवेची गरज नसल्यास ती बंद ठेवावी आणि ६३१ क्रमांकाचा पोर्ट कार्यालयाबाहेरील जगास कधीही खुला ठेवू नये.

चौथी पायरी : कागदावरील मजकूर

कधी जोडणी होते, पण कागदावर भलतेच उमटते. टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या अगम्य इंग्रजी ओळींची पानेच्या पाने बाहेर पडू लागली, तर पोस्टस्क्रिप्ट भाषेतील आज्ञा त्या भाषेचे ज्ञान नसलेल्या प्रिंटरकडे गेल्या आहेत असे समजावे. येथे ड्रायव्हर बदलणे आवश्यक असते. विंडोजने तयार केलेले काम कप्सने पुन्हा न बदलता जसेच्या तसे पुढे पाठवावे, यासाठी सांबाच्या मांडणीत ‘रॉ’ हा पर्याय नमूद केलेला असावा.

देवनागरी मजकुराविषयी विशेष दक्षता हवी. विंडोजवरून छापताना जोडाक्षरांची जुळणी त्याच संगणकावर होते. सर्व्हरला मराठी येण्याची आवश्यकता नसते. तरीही अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे उमटली, तर ‘केवळ मजकूर’ छापणारा साधा ड्रायव्हर निवडला गेल्याचा संभव असतो. चौकोन उमटल्यास पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत केलेला नसावा. तो अंतर्भूत करून फाइल पुन्हा तयार करावी.

प्रिंटरवर दिवा लुकलुकतो व पान निघत नाही, याचे कारण पुष्कळदा कागदाचे माप असते. ड्रायव्हरचे मूळ माप अमेरिकन ‘लेटर’, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर असते; आपल्याकडील ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो. प्रिंटर न मिळणाऱ्या कागदाची वाट पाहत राहतो. सर्व्हरवरील मूळ मांडणीत ए-४ हे माप एकदा ठरवून दिले, म्हणजे हा त्रास कायमचा टळतो.

नोंदवही

प्रत्येक कार्यालयाने प्रिंटरसाठी एक साधी नोंदवही ठेवावी. तीत प्रिंटरचा स्थिर पत्ता, ड्रायव्हरचे नाव व आवृत्ती, तो कोणी व केव्हा बसविला, सर्व्हरवरील सांबा व कप्स यांच्या आवृत्त्या, आणि प्रत्येक बिघाडाचे कारण व त्यावर केलेला उपाय यांची नोंद असावी. विंडोजची दुरुस्ती दाखल झाली की त्याच दिवशी एक चाचणी-पान छापून पाहावे. दाखल्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यातच, वरील चारही पायऱ्या एकदा तपासून घेतल्यास जूनमध्ये खिडकीपाशी उभ्या असलेल्या पालकांना ‘उद्या या’ असे सांगण्याची वेळ येणार नाही.