छेदजाडी, मेंदूच्या प्रतिमादर्शनातील

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनात (एमआरआय) मेंदूच्या ज्या थरातील संकेतांपासून एक प्रतिमा तयार करतात, त्या थराच्या जाडीस छेदजाडी म्हणतात. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या तंत्राने मिळविलेली प्रतिमा प्रसिद्ध केली. पीटर मॅन्सफील्ड यांनी जलद प्रतिमाग्रहणाच्या पद्धतीचा विकास केला. या दोघांना २००३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नेहमीच्या तपासणीत छेदजाडी बहुधा सु. ५ मिमी. व त्रिमितीय पद्धतीत सु. १ मिमी. असते.

जाड छेदात अधिक ऊतक सामावत असल्याने संकेत प्रबळ मिळतो व कमी छेदांत मेंदू व्यापता येतो. तथापि एकाच घटकात करडे द्रव्य, श्वेत द्रव्य व मस्तिष्क-मेरुद्रव यांचे संकेत मिसळून त्यांच्या सीमा पुसट होतात. यास आंशिक घनफळ परिणाम म्हणतात. मेंदूच्या बाह्यकाची सरासरी जाडी सु. २·५ मिमी. असल्याने ५ मिमी. छेदावरून तिचे विश्वसनीय मापन होत नाही. लहान विकृतिस्थळेही निसटू शकतात.

कालांतराने होणारे बदल मोजताना ही अडचण वाढते. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकँपस या भागाचे घनफळ अल्झायमर रोगात दरवर्षी सु. ४ ते ५ टक्के, तर निरोगी वार्धक्यात सु. १ ते १·५ टक्के घटते. दोन तपासण्यांत डोक्याची स्थिती किंचित बदलली, तरी जाड छेदांच्या सीमा निराळ्या ठिकाणी पडतात. छेदजाडीच बदलल्यास मापनातील फरक रोगाच्या प्रगतीइतका किंवा त्याहून मोठा भासू शकतो.

महाराष्ट्र-गुजरात सीमेलगतच्या बोर्डी (जि. पालघर) येथील रुग्णाची एक तपासणी मुंबईस व दुसरी वलसाडला झाली, तर हा प्रश्न उद्‌भवू शकतो. अशा वेळी अहवालाबरोबर मूळ अंकीय प्रतिमाही जपून ठेवणे आवश्यक असते, कारण यंत्र, छेदजाडी व छेदांमधील अंतर यांची नोंद सामान्यतः त्यांतच असते. शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने व पातळ छेदांनी पुन्हा तपासणी करणे हा उत्तम उपाय होय. ते शक्य नसल्यास पातळ छेद गणिताने एकत्र करून जाड छेदांशी तुलनायोग्य करता येतात. याउलट, संगणकाने जाड छेदांपासून पातळ छेद तयार केल्यास मिळणारा तपशील अनुमानित असतो. प्रत्यक्ष न टिपलेली माहिती त्यामुळे परत मिळत नाही.