विधी महाविद्यालयातील विद्यार्थी मंडळे आणि विधी साहाय्य केंद्राचे सातत्य

प्रस्तावना

विधी शिक्षणाची चर्चा प्रामुख्याने अभ्यासक्रम, परीक्षा आणि अध्यापनपद्धती यांच्याभोवती फिरते. विद्यार्थी वर्गाबाहेर जी मंडळे चालवितात, त्यांची नोंद वार्षिक अहवालातील ‘इतर उपक्रम’ या सदरात होते आणि तेथेच संपते. वास्तविक वकिली व्यवसायास आवश्यक असलेली कौशल्ये, म्हणजे माणसाचे म्हणणे ऐकून घेणे, कागदपत्रे तपासणे, मसुदा लिहिणे व युक्तिवाद करणे, विद्यार्थी बहुतांशी या मंडळांतूनच आत्मसात करतो. त्यामुळे या मंडळांकडे केवळ हौशी उपक्रम म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही.

प्रस्तुत लेखात विधी महाविद्यालयातील विद्यार्थी मंडळांचे स्वरूप स्पष्ट करून त्यांपैकी विधी साहाय्य केंद्राचा विशेष विचार केला आहे. इतर सर्व मंडळांहून हे केंद्र एका मूलभूत बाबतीत वेगळे आहे. येथे विद्यार्थ्याच्या समोर स्पर्धक किंवा परीक्षक बसलेला नसतो. समोर असतो तो खरी अडचण घेऊन आलेला पक्षकार. शैक्षणिक वर्ष संपले की विद्यार्थी निघून जातो. पक्षकाराची अडचण मात्र तेथेच राहते. म्हणून केंद्राच्या यशापयशाची कसोटी कार्यक्रमांच्या संख्येपेक्षा सातत्यात शोधली पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

विद्यार्थी मंडळांचे स्वरूप

स्थूलमानाने या मंडळांचे चार प्रकार करता येतील. पहिला प्रकार प्रातिनिधिक मंडळांचा, म्हणजे विद्यार्थी परिषदेचा. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यान्वये परिषदेवर गुणवत्तेच्या आधारे नियुक्त्या होत असत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. दरम्यान विद्यार्थी निवडणुकांसंबंधी लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या होत्या.

दुसरा प्रकार स्पर्धात्मक मंडळांचा. मूट कोर्ट या नावाने परिचित असलेले अभिरूप न्यायालय आणि वादविवाद मंडळ यांचा समावेश यात होतो. १९६० मध्ये अमेरिकेत सुरू झालेली जेसप ही आंतरराष्ट्रीय कायद्यावरील स्पर्धा या क्षेत्रात सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाते. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने ती १९९९ व २०१३ मध्ये जिंकली. तिसरा प्रकार विद्यार्थी संपादित नियतकालिकांचा. १८८७ पासून प्रसिद्ध होणारे ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. चौथा प्रकार सेवाभावी मंडळांचा असून विधी साहाय्य केंद्र हे त्यातील प्रमुख होय. २०१० मध्ये प्रा. शमनाद बशीर यांनी सुरू केलेला ‘आयडिया’ हा उपक्रमही याच वर्गात मोडतो. वंचित गटांतील मुलांना विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून त्यात विधी शाखेचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून काम करतात.

वैधानिक पार्श्वभूमी

विधी साहाय्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४९ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतात न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमण्यात आली होती. पुढे न्या. कृष्ण अय्यर समितीचा १९७३ चा अहवाल आणि न्या. पी. एन. भगवती व न्या. कृष्ण अय्यर यांचा १९७७ चा अहवाल यांनी या कामातील विधी महाविद्यालयांच्या सहभागाचे महत्त्व मांडले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाले आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व बनले.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. विद्यापीठे व विधी महाविद्यालये यांत विधी सेवा केंद्रे स्थापन करण्यास उत्तेजन, मार्गदर्शन व देखरेख देण्याचे काम या अधिनियमाच्या कलम ४ ने राष्ट्रीय प्राधिकरणाकडे सोपविले आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली असे केंद्र चालविणे आवश्यक केले. २०११ च्या विधी सेवा केंद्रविषयक विनियमांनुसार विद्यार्थी अध्यापकांच्या सल्ल्याने एखादे गावही दत्तक घेऊ शकतात. थोडक्यात, केंद्र असावे की नसावे हा प्रश्न कायद्याने केव्हाच निकाली काढला आहे. ते कसे चालावे, हा प्रश्न मात्र महाविद्यालयाच्या अंगणातच राहिला आहे.

अभिरूप न्यायालय आणि विधी साहाय्य केंद्र

या दोन मंडळांची तुलना उद्बोधक ठरेल. अभिरूप न्यायालयात वस्तुस्थिती आधीच ठरलेली व छापून दिलेली असते. विद्यार्थ्याने तीवर कायदा लावावयाचा असतो. केंद्रात याच्या उलट घडते. कायदा बहुधा सरळ असतो, पण वस्तुस्थिती शोधून काढावी लागते. आलेली व्यक्ती जमिनीविषयी बोलत असते, कागद शिधापत्रिकेचे दाखविते आणि मूळ दुखणे वारसनोंदीचे असते. हे उलगडण्याचे शिक्षण कोणत्याही स्पर्धेत मिळत नाही.

दुसरा भेद भाषेचा आहे. स्पर्धा बहुतांशी इंग्रजीत होतात, कारण त्यांच्यासमोर उच्च व सर्वोच्च न्यायालयाचा आदर्श असतो. महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मात्र मराठी आहे व तसा शासननिर्णय १९९८ मध्ये झालेला आहे. जिल्हा व तालुका पातळीवर वकिली करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास मराठीत अर्ज लिहिण्याचा, जबाब समजून घेण्याचा व सातबारा उतारा वाचण्याचा सराव हवा. तो विधी साहाय्य केंद्रातच मिळू शकतो. इंग्रजीच्या धास्तीने स्पर्धांपासून दूर राहणारा ग्रामीण विद्यार्थी येथे मागे पडत नाही, उलट पुष्कळदा पुढे असतो.

तिसरा भेद प्रतिष्ठेचा. स्पर्धेचा चषक काचेच्या कपाटात ठेवता येतो. एखाद्या विधवेचे बंद झालेले अर्थसाहाय्य पुन्हा सुरू झाले, तर त्याचे प्रदर्शन मांडता येत नाही आणि मांडूही नये.

अभ्यासक्रमातही हा कल उमटलेला दिसतो. विधिज्ञ परिषदेने १९९७ मध्ये अनिवार्य केलेल्या चार प्रात्यक्षिक विषयपत्रिकांपैकी एक लोकहितवादी वकिली, विधी साहाय्य व निमविधी सेवा यांवर होती. २००८ च्या नियमांत तिची जागा पर्यायी वादनिवारण या विषयाने घेतली. अभिरूप न्यायालयाची विषयपत्रिका मात्र कायम राहिली. तिच्या १०० गुणांपैकी ३० गुण अभिरूप न्यायालयातील कामगिरीस आहेत. वकिलाच्या अथवा विधी साहाय्य कार्यालयातील पक्षकारांच्या दोन मुलाखतींचे निरीक्षण करून रोजनिशी लिहिण्यास १५ गुण आहेत. येथे ‘निरीक्षण’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. नियमाला अपेक्षित असलेला विद्यार्थी पाहणारा आहे, जबाबदारी घेणारा नाही.

सातत्याचा प्रश्न

केंद्राच्या कामातील खरी अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, निराधार अनुदान योजनेचे मासिक अर्थसाहाय्य बंद झालेली एक महिला मार्चच्या मध्यास केंद्रात आली. विद्यार्थ्यांच्या मदतीने तिने माहितीच्या अधिकाराखाली तहसील कार्यालयात अर्ज केला. २००५ च्या अधिनियमानुसार उत्तरासाठी ३० दिवस, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ असतो. उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत, प्रथम अपील करावे लागते. नेमक्या याच काळात विद्यापीठाच्या परीक्षा असतात व त्यानंतर उन्हाळी सुटी लागते. अर्ज लिहून देणारा विद्यार्थी अंतिम वर्षाचा असेल, तर तो जूनमध्ये परत येणारच नाही. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, हे खरे; परंतु ते कारण दाखवावयासही कोणी तरी असावे लागते. ज्या महिलेने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून अखेर महाविद्यालयावर विश्वास टाकला, तिला तेथेही कुलूप दिसावे, यासारखी विधी शिक्षणाची दुसरी नामुष्की नाही.

यातील दोष त्या विद्यार्थ्याच्या माथी मारता येणार नाही. केंद्राची रचना शैक्षणिक वर्षाच्या मापाने केलेली असते. पक्षकाराचे प्रकरण मात्र मुदतीच्या कायद्याच्या मापाने चालते. ही दोन कालगणने जुळविण्याची व्यवस्था नसणे, हेच अपयशाचे मूळ होय.

दुसरी अडचण अधिकाराची आहे. वकील अधिनियम, १९६१ नुसार वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत वकिलांनाच आहे. कलम ३२ अन्वये न्यायालय विशिष्ट प्रकरणात अन्य व्यक्तीस परवानगी देऊ शकते, पण तो अपवाद होय. दुसरीकडे, पूर्णवेळ वेतन घेणाऱ्या व्यक्तीस विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिली करता येत नाही. परिणामी केंद्रातील विद्यार्थी न्यायालयात उभा राहू शकत नाही आणि सर्वसाधारणपणे त्याचा पूर्णवेळ अध्यापकही उभा राहू शकत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातील रुग्णालयाशी या केंद्राची तुलना वारंवार केली जाते. परंतु तेथील अध्यापक स्वतः रुग्णावर उपचार करतो, हा फरक विसरला जातो.

तिसरी बाब गोपनीयतेची. पक्षकाराने वकिलास सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने संरक्षण दिले असून ते वकिलाचे दुभाषी, कारकून व कर्मचारी यांनाही लागू केले आहे. महाविद्यालयाच्या केंद्रातील विद्यार्थ्याचा त्यात नामोल्लेख नाही. म्हणून कौटुंबिक हिंसाचारासारख्या नाजूक प्रकरणात विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे मुलाखत घेणे पक्षकाराच्या हिताचे ठरेलच असे नाही.

दोन उदाहरणे

हार्वर्ड येथील विधी साहाय्य ब्युरो १९१३ पासून कार्यरत आहे. तो विद्यार्थीच चालवितात; मात्र सदस्यत्व दोन वर्षांचे असते. त्यामुळे दर वर्षी निम्मे सदस्य अनुभवी असतात आणि प्रकरणे एका तुकडीकडून दुसरीकडे सोपविली जातात. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नियमानुसार वकिलांच्या देखरेखीखाली विद्यार्थी न्यायालयात बाजूही मांडू शकतात. आपल्याकडे असा नियम नाही. परंतु दोन वर्षांच्या सदस्यत्वासाठी कोणत्याही कायद्यात बदल करण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण भारतातील आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये मृत्युदंडावरील अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या ३८५ पैकी ३७३ कैद्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या व या कामात विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. पूर्वतयारी आणि देखरेख यांची जोड मिळाल्यास विद्यार्थी अत्यंत जबाबदारीचे काम करू शकतात, हे यावरून सिद्ध होते.

काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. केंद्राचे सदस्यत्व किमान दोन वर्षांचे असावे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी प्रवेश व तिसऱ्या वर्षी नेतृत्व, अशी रचना करता येईल.

२. प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र धारिका व एक मुदत नोंदवही असावी. वर्षाअखेरीस जुन्या विद्यार्थ्याने नव्या विद्यार्थ्यास अध्यापकासमक्ष धारिका सोपवून दोघांनी स्वाक्षऱ्या कराव्यात.

३. तालुका विधी सेवा समिती अथवा जिल्हा प्राधिकरणाच्या नामिकेवरील वकिलाने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी केंद्रात उपस्थित राहावे, अशी व्यवस्था व्हावी. न्यायालयीन प्रकरणे व गोपनीय मुलाखती त्यांच्याच देखरेखीखाली व्हाव्यात. विद्यार्थ्यांनी माहिती अधिकार, शासकीय योजना व मोफत विधी साहाय्याचे अर्ज यांवर भर द्यावा. अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीतील व्यक्ती उत्पन्नाची मर्यादा न पाहता या साहाय्यास पात्र आहेत, एवढी माहिती योग्य वेळी मिळणेही अनेकांना मोलाचे ठरते.

४. परीक्षा व सुटीच्या काळात केंद्र बंद ठेवू नये. किमान एका अध्यापकाकडे व एका कर्मचाऱ्याकडे मुदत नोंदवहीची जबाबदारी असावी.

५. केंद्राच्या देखरेखीचे तास अध्यापकाच्या कार्यभारात धरले जावेत. हे काम तासिकांव्यतिरिक्त करावयाची सेवा मानली जाते, तोवर ते कनिष्ठतम सहकाऱ्याकडेच जात राहणार.

समारोप

महाविद्यालयांच्या मूल्यांकनात विस्तारकार्याची मोजणी कार्यक्रमांच्या व सहभागी विद्यार्थ्यांच्या संख्येने होत आली आहे. त्यामुळे एका दिवसाचे शिबिर, फलक, छायाचित्रे व अहवाल यांना महत्त्व येणे स्वाभाविक होते. शिबिरे निरर्थक आहेत असे नव्हे. त्यांतूनच लोकांना केंद्राचा पत्ता कळतो. मात्र पत्ता मिळाल्यावर आलेल्या माणसाचे पुढे काय झाले, याचे उत्तर अहवालात नसेल, तर ते धारिकेत तरी असले पाहिजे.

अभिरूप न्यायालये, नियतकालिके व वादविवाद मंडळे यांचे शैक्षणिक मूल्य निर्विवाद आहे. त्यांत झालेली चूक विद्यार्थ्यास दोन गुणांना पडते. विधी साहाय्य केंद्रातील चूक तिसऱ्याच व्यक्तीस भोगावी लागते. ही जाणीव विद्यार्थ्यात निर्माण करणे हे विधी शिक्षणाचे एक प्रमुख उद्दिष्ट मानावयाचे असेल, तर ती प्रथम महाविद्यालयाच्या व्यवस्थेत दिसली पाहिजे. त्याची सुरुवात मुदत नोंदवहीपासून करता येईल, आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.