भातानंतर वैरणीची चवळी

मालवण किनारपट्टीत भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकते. त्यानंतर गुरांच्या वाट्यास मुख्यतः भाताचा पेंढा व वाळलेले गवत येते. पेंढ्याने पोट भरते. परंतु त्यात प्रथिने शेकडा 3 ते 4 इतकीच असतात. म्हणूनच उन्हाळ्यात गाईचे दूध आटते आणि मृगाच्या तोंडावर जोताचे बैल हाडकलेले दिसतात. फुलोऱ्यातील चवळीच्या सुक्या वैरणीत प्रथिने शेकडा 15 हून अधिक असतात. यास्तव प्रत्येक शेतकऱ्याने भातानंतर निदान एक-दोन गुंठे चवळी वैरणीसाठी पेरावी.

जमिनीतील ओल उडण्यापूर्वी, कापणी होताच नांगरट करून पेरणी उरकावी. खाऱ्या पाण्याचा शिरकाव होणारी जमीन मात्र टाळावी. दर गुंठ्यास सुमारे 400 ग्रॅम बी 30 सेंटिमीटर अंतरावरील ओळींत पेरावे. पेरणीपूर्वी 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम या प्रमाणात चवळीचे रायझोबियम संवर्धक चोळून बी सावलीत सुकवावे. जांभ्याच्या आम्ल जमिनीत स्फुरद लवकर अडकून पडते. म्हणून गुंठ्यास 3 किलो सुपर फॉस्फेट फेकून न देता ओळीतच, बियाण्याच्या खाली द्यावे.

महिन्याने एखादे रोप हलकेच उपटून पाहावे. मुळांवरील गाठी आतून गुलाबी असल्यास त्या हवेतील नत्र साठवीत आहेत असे समजावे. मुळे जमिनीतच राहू दिल्यास त्याचा लाभ पुढील भातास मिळतो.

सुमारे 55 ते 65 दिवसांनी, निम्मे पीक फुलावर येताच कापणी करावी. ओली चवळी एकटी व भरपूर घातल्यास गुरांचे पोट फुगते. ती थोडी सुकवून, एक भाग चवळीस दोन भाग पेंढा या प्रमाणात मिसळून घालावी. उरलेली चवळी पाने न झडतील अशा बेताने वाळवून उन्हाळ्यासाठी राखावी.

या पिकाचा खरा शत्रू कीड नव्हे, तर कापणीनंतर गुरे मोकाट सोडण्याची रूढी होय. एकट्याने कुंपण घालणे परवडत नाही. सबब ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कापणीपूर्वीच वाडीची बैठक घ्यावी, लगतचे कुणगे एकत्र निवडावेत आणि चवळी निघेपर्यंत गुरे राखण्याची पाळी ठरवून द्यावी. हा निर्णय आधी व्हावा, पेरणी नंतर.