रात्री दोनची झाडलोट

मावशीच्या लॅपटॉपला भूत लागलंय, अशी तिची पक्की समजूत झाली होती. ती चहा टाकायला ओट्याशी गेली की मागे त्याचा पंखा घरघरू लागायचा, आणि कप घेऊन परत येऊन माउसला हात लावला की एकदम गप्प. "मी बघत नसताना हा काहीतरी करतो रे," ती मला म्हणाली. भूत सोडलं, तर बाकी तिने अगदी बरोबर ओळखलं होतं.

2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून विंडोजमध्ये 'ऑटोमॅटिक मेंटेनन्स' नावाची रोजची झाडलोट असते. अँटिव्हायरसची तपासणी, अपडेटची चौकशी, आठवड्यातून एकदा डिस्कची आवराआवर, असली कामं तिच्यात येतात. विंडोज 10 मध्ये तिची ठरलेली वेळ रात्री 2 ची, आणि एका बैठकीला जास्तीत जास्त 1 तास. अटी दोनच: कोणी मशीनला हात लावत नसावं आणि चार्जर जोडलेला असावा. रात्रीची वेळ हुकली, तर मशीन पुढे कधी रिकामं सापडेल याची ती वाट बघते. माणूस परत आला की हातातलं काम तिथेच ठेवून बाजूला होते. मावशी रात्री झाकण मिटून, चार्जर काढून लॅपटॉप कपाटात ठेवायची. मग झाडलोटीला उरला तो फक्त चहाचा वेळ.

"काम चालू असताना झोपवलं तर डिस्क बिघडते" हा गैरसमज मात्र मावशीचा नाही, आमच्या पिढीचा. त्याचं मूळ विंडोज 98 च्या डिफ्रॅगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या डिस्कच्या आवराआवरीत आहे. रात्री जेवणं झाली की डिफ्रॅग लावायचं आणि पडद्यावर सरकणारे रंगीत चौकोन बघत बसायचं. मध्येच स्क्रीनसेव्हर किंवा दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिलं, की स्वारी पुन्हा पहिल्यापासून सुरू! घरात कोणी कीबोर्डजवळून गेलं तरी आम्ही ओरडायचो. ती धास्ती मनात राहून गेली, डिफ्रॅग मात्र बदललं.

स्लीपमध्ये नेमकं काय होतं? जुन्या पद्धतीच्या स्लीपमध्ये प्रोसेसर थांबतो, पण रॅमला वीज मिळत राहते. त्याआधी विंडोज डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकते आणि मगच डोळे मिटते. तपासणी 40 हजाराव्या फाइलवर असेल, तर जागं झाल्यावर ती तिथूनच पुढे चालू होते. हायबरनेटमध्ये रॅममधला सगळा मजकूर डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडली जाते, पण काम तिथेही थांबतं, मोडत नाही. आणि हल्लीच्या एसएसडीला तर विंडोज जुन्या अर्थाने नेहमीचं डिफ्रॅग करतही बसत नाही. कोणती जागा मोकळी झाली एवढं ती ड्राइव्हला कळवते, ज्याला ट्रिम म्हणतात, आणि ते सहसा चटकन उरकतं.

ज्या कामाचं दुसरं टोक मशीनच्या बाहेर आहे, तिथे मात्र झोप खरोखर आड येते. लग्नाचे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायला लावून मी एकदा झाकण मिटून झोपलो होतो. यूएसबीची वीज गेली, डिस्क सुटली, आणि सकाळी पडद्यावर एररची चौकट. मूळ फोटो जागेवर होते म्हणून निभावलं. डाउनलोडचंही तसंच. विंडोजची स्वतःची अपडेटं तुटलेल्या जागेवरून पुढे उतरतात, ब्राउझरमधली मोठी फाइल मात्र समोरच्या सर्व्हरच्या मर्जीवर असते. आणि बायॉसचं अपडेट चालू असेल, तर झाकणाला हातही लावू नका. तिथे आमची जुनी धास्ती शंभर टक्के योग्य आहे.

"काम चालू असेल तर मशीन आपोआप झोपणारच नाही" हेही अर्धसत्य. प्रोग्रॅम विंडोजला विनंती करू शकतो, 'मला अजून वेळ हवाय'. सिनेमा चालू असताना पडदा काळा होत नाही, तो अशाच विनंतीमुळे. पण ही विनंती फक्त आपोआप लागणाऱ्या झोपेपुरती. तुम्ही स्वतः झाकण मिटलंत किंवा स्लीप निवडलंत, की तुमचाच शब्द शेवटचा.

रोज रात्री शटडाउन करण्याचं पुण्य मात्र वाटतं तेवढं पदरी पडत नाही. आमच्या सोसायटीतले एक काका शपथेवर सांगत होते की ते रोज मशीन बंद करतात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' पाहिला, तर 23 दिवस! विंडोज 8 पासूनच 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शटडाउन म्हटलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. खरी नवी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्ट करायचं. काकांना हे पटायला दोन दिवस लागले.

हा घोळ फक्त विंडोजचा नाही. जुन्या मॅकमध्येही रोजची साफसफाई पहाटे 3:15 ला ठरलेली असायची, आणि त्या वेळी मॅक झोपलेला असेल तर ती सरळ हुकायची. मग ती हाताने करून देणारे छोटे प्रोग्रॅम लोक शोधून आणायचे. 2005 च्या टायगर आवृत्तीत वेळापत्रक सांभाळणारी व्यवस्था बदलली आणि झोपेत हुकलेलं काम जागं होताच होऊ लागलं. ते छोटे प्रोग्रॅम मात्र त्यानंतरही लोक श्रद्धेने चालवत राहिले.

डेस्कटॉपवाल्यांची काळजी निराळी: झोपेत असताना लोडशेडिंग झालं तर? रॅममधलं, म्हणजे सेव्ह न केलेलं, जातं. म्हणून विंडोज व्हिस्टापासून 'हायब्रिड स्लीप' आहे: झोपतानाच एक प्रत डिस्कवरही ठेवायची. तुमच्याकडे ते चालू आहे की नाही, हे पॉवर ऑप्शन्समध्ये दिसतं.

मावशीला मी एवढंच सांगितलं, की आठवड्यातले दोन दिवस मंडईला जाताना लॅपटॉप चार्जरला लावून उघडाच ठेवून जा. स्लीपची वेळही दोन तासांवर नेऊन दिली. परवा गेलो तेव्हा पंखा चालू होता. ती सवयीने माउसकडे गेली, पंखा थांबला. "असू दे, असू दे, कर तुझं काम," म्हणत तिने हात मागे घेतला आणि भाजी निवडायला बसली. काही मिनिटांनी घरघर पुन्हा लागली.