गोळी विसरली, की तिची खूण हरवली?

सर्जापूर रोडवरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत संध्याकाळी खाली उतरलात, तर बाकांवर मराठीही कानावर पडते. मुलगा-सून आयटीत, नातवंडं लहान, म्हणून साताऱ्या-सांगलीहून आलेले आजी-आजोबा. महिन्याभरात घरात कुजबुज सुरू होते, "बाबा हल्ली फार विसरतात. बीपीची गोळीसुद्धा राहते."

लगेच घाबरू नका. आधी त्यांचं गावाकडचं घर आठवा. सकाळी रेडिओवर बातम्या, दारात दूधवाला, मग ओट्यावर चहा आणि चहाशेजारी गोळ्यांचा डबा. ही गोळी त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवलीच नव्हती, ते काम बातम्या आणि चहा करायचे. इथे दुधाची पिशवी पहाटेच दाराला लटकते, रेडिओ नाही आणि डबा नातवाच्या हाती लागू नये म्हणून बंद कपाटात!

एंडेल टल्विंग आणि झीना पर्लस्टोन या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली विद्यार्थ्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या. नंतर काहींना नुसतं "आठवा" म्हटलं, काहींना ते शब्द कोणत्या गटातले होते तेही सांगितलं. गट कळलेल्यांना बरेच जास्त शब्द आठवले. गंमत म्हणजे, आधी अडलेल्यांना मागाहून गटांची नावं दिली, तर त्यांनाही आणखी शब्द सुचले. शब्द डोक्यात होतेच, फक्त हाताला लागत नव्हते.

म्हणून "एवढंही कसं लक्षात राहत नाही?" असं बाबांना विचारू नका. त्यानं ते फक्त खजील होतात. मोबाइलचा अलार्मही दरवेळी पुरत नाही. तो वाजतो तेव्हा ते खाली बागेत असतात, बंद करतात आणि वर येईपर्यंत विषय संपलेला असतो. त्यापेक्षा गोळी चहालाच पुन्हा जोडा. डबा पारदर्शक घ्या आणि चहाच्या डब्याजवळ, नातवाचा हात पोचणार नाही पण बाबांना समोर दिसेल इतक्या उंचीवर ठेवा. जागा त्यांनाच ठरवू द्या. वारांचे कप्पे असतील, तर गोळी घेतली की राहिली हेही कळतं आणि चुकून दोनदा घेतली जात नाही.

मात्र खूण समोर असूनही गोळी राहत असेल, तेच तेच प्रश्न पुन्हा येत असतील किंवा ओळखीच्या कामांत गोंधळ वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. निम्हान्ससारखी संस्था बेंगळुरूतच आहे. सारख्या दिसणाऱ्या टॉवरांमध्ये बाबा एकदा चुकीच्या लिफ्टमध्ये शिरले, तर ते मात्र यात धरू नका. तिथे तरुणही चुकतात.