बी कोणाचे, गर कोणाचा?

गोव्यातील काजूच्या कारखान्यांत जे बी भाजले व फोडले जाते ते सारेच आमच्या डोंगरउतारांवरचे नसते. त्यातील बराचसा भाग आफ्रिकेतून जहाजाने येतो, हे या धंद्यातील कोणीही सांगेल. मूळचे ब्राझीलचे हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जसे गोव्यात आणले, तसेच ते मोझांबिकच्या किनाऱ्यावरही नेले. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे आणि पुढेही कित्येक गोमंतकीय कुटुंबांनी नोकरीधंद्यासाठी तो किनारा गाठला. तेव्हा मोझांबिकच्या काजूची कथा आमच्या वाचकांस परकी वाटण्याचे कारण नाही. गरीब देशात रोजगार कसा उभा राहतो आणि एखाद्या धोरणाने तो कसा बुडतो, याचा इतका स्पष्ट धडा अन्यत्र क्वचितच मिळेल.

1970 च्या दशकाच्या आरंभी मोझांबिक हा काजूच्या उत्पादनात जगात अग्रेसर होता. वर्षाकाठी दोन लाख टनांहून अधिक बी तेथे गोळा होत असे. 25 जून 1975 रोजी देश स्वतंत्र झाला आणि 1978 साली नव्या राजवटीने कच्च्या बियांच्या निर्यातीवर बंदी घातली. बी देशातच फुटावे, परदेशी जावा तो गर, आणि फोडणाऱ्याची मजुरी आपल्याच माणसांच्या पदरी पडावी, हा त्यामागील हेतू. तो स्तुत्य होता यात शंका नाही. परंतु 1977 पासून 1992 पर्यंत देश यादवी युद्धात होरपळत राहिला. शेतकरी परागंदा झाले, जुनी झाडे म्हातारी झाली, नवी लावण्यास कोणी उरले नाही. सरकारी कारखाने अकार्यक्षम ठरले आणि बागायतदाराच्या हाती पडणारा भाव इतका तुटपुंजा होता की झाडाखालचे बी वेचण्याचाही त्याला उत्साह राहिला नाही. हा दोष बाहेरच्यांवर ढकलता येणार नाही.

युद्ध संपले तेव्हा देश कर्जाच्या विळख्यात होता. निर्यातबंदी उठवून तिच्या जागी निर्यातकर बसविण्यात आला आणि 1990 च्या दशकाच्या मध्यास कारखाने खाजगी भांडवलदारांना विकण्यात आले. विक्रीची शाई वाळते न वाळते तोच जागतिक बँकेने कर्जाच्या अटींत कलम घातले की हा करही टप्प्याटप्प्याने उतरवावा. बँकेचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. कारखान्यांतील कामगार काही हजार, बागायतदार कुटुंबे मात्र सुमारे दहा लाख. बी खुलेपणाने भारतात गेले तर भाव चढेल आणि त्याचा लाभ गरिबातल्या गरिबास मिळेल. कर 20 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आला, आणि बी जहाजांत भरून भारताच्या बंदरांकडे निघाले.

परिणाम काय झाला? मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक व कॅरेन हॉर्न वेल्च या अर्थतज्ज्ञांनी 2002 साली त्याचा हिशेब मांडला. बागायतदार कुटुंबाच्या पदरी सरासरीने पडले ते वर्षाला अवघे सव्वापाच डॉलर. वाढलेल्या भावाचा मोठा हिस्सा मधल्या व्यापाऱ्यांनी आणि निर्यातदारांनी गिळला. दुसरीकडे कारखान्यांतील सुमारे 11,000 कामगारांपैकी बहुतेक सर्व 2001 पर्यंत घरी बसले होते, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. तेलही गेले, तूपही गेले! सिद्धान्त असे सांगतो की एका धंद्यातून सुटलेला मजूर दुसऱ्या धंद्यात जातो. पण जेथे दुसरा धंदाच नाही तेथे त्याने जावे कोठे, हा प्रश्न सिद्धान्त मांडणाऱ्यांस पडला नाही. सल्लागाराचा अंदाज चुकला तर त्याचे वेतन थांबत नाही. थांबते ती कामगाराची चूल.

अखेर 1999 साली तेथील संसदेने कर पुन्हा 18 ते 22 टक्क्यांच्या दरम्यान नेला. त्याहून बोधप्रद गोष्ट पुढेच घडली. जुने अवाढव्य यंत्रांचे कारखाने बंदच राहिले; परंतु या शतकाच्या आरंभापासून उत्तरेकडील नांपुला प्रांतात, बी पिकते त्या गावांच्या जवळ, लहान लहान कारखाने उभे राहिले. त्यांची रीत आमच्याकडील कारखान्यांसारखी आहे. बी वाफवावे आणि माणसांच्या हातांनी फोडावे. त्यातून काही हजार लोकांना पुन्हा काम मिळाले.

याउलट मापुतोजवळ 2000 साली सुरू झालेल्या ॲल्युमिनियमच्या प्रचंड कारखान्याकडे पाहावे. सुमारे दोन अब्ज डॉलर त्यात ओतले गेले, निर्यातीचे आकडे फुगले, पण कायम नोकऱ्या मिळाल्या त्या हजाराच्या घरात. 2010 च्या सुमारास उत्तरेच्या समुद्रात नैसर्गिक वायूचे साठे सापडले. मार्च 2021 मध्ये पाल्मा शहरावर सशस्त्र बंडखोरांचा हल्ला झाला आणि किनाऱ्यावरील मोठ्या प्रकल्पाचे काम कित्येक वर्षे खोळंबले. या देशात दरवर्षी सुमारे पाच लाख तरुण कामाच्या शोधात बाहेर पडतात. वायूच्या नळातून एवढ्या नोकऱ्या वाहत येणार नाहीत.

आमच्या मते यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. केवळ बंदीने कारखाना टिकत नाही आणि केवळ खुल्या बाजाराने शेतकरी सुखी होत नाही. झाडांची नवी लागवड, बागायतदारास रास्त भाव, आणि बी पिकते तेथेच ते फोडणारे हात, ही तिन्ही कामे एकत्र झाली तरच रोजगार उभा राहतो. त्या बियांतील काही वाटा आमच्या देशातील कारखान्यांनी फोडला आणि आमच्या मजूर स्त्रियांनी त्यावर आपली कुटुंबे पोसली, हे विसरून मोझांबिकला उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र तो देश उद्या आपले सारे बी आपल्याच घरी फोडू लागला, तर आम्ही तक्रार करू नये. आपल्या डोंगरांवरील म्हाताऱ्या झालेल्या काजूच्या झाडांकडे तेव्हा तरी आमचे लक्ष जावे, हे बरे.