बुद्ध सर्किटवर आम्ही काय पाहिले?

मोटारींची शर्यत म्हणजे श्रीमंतांचा शौक, कष्टकरी माणसाला त्याचे काय, असे आपल्या वस्तीत कोणीही म्हणेल. ते अगदीच खोटे नाही. पण २०११ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात पहिल्यांदाच फॉर्म्युला वनची शर्यत झाली, ती उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, आणि मैदानाचे नाव होते बुद्ध इंटरनॅशनल सर्किट! तथागतांचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. तेव्हा आम्ही महालातील चौघांनी, म्हणजे दोन कारकून आणि गॅरेजात काम करणारी दोन मुले यांनी, हे एकदा डोळ्यांनी पाहून यायचे ठरविले.

सर्वांत स्वस्त तिकीट २,५०० रुपयांचे आणि महाग ३५,००० चे. चौघांचे मिळून दहा हजार, शिवाय रेल्वेचे भाडे वेगळे. दिवाळीचा बोनस आणि भिशीचे पैसे यांतून ते जमले. घरच्या बायकांनी "एवढ्या पैशांत महिन्या-दोन महिन्यांचा किराणा आला असता," असे ऐकविले, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच होते.

दिल्लीला उतरल्यावर आधी नोएडातील राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळावर जाऊन बाबासाहेबांना वंदन केले. दोनच आठवड्यांपूर्वी, १४ ऑक्टोबरला, त्याचे उद्घाटन झाले होते. तेथून बसने ग्रेटर नोएडाला गेलो.

तो रस्ता म्हणजे ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा. महालातून दीक्षाभूमीला सायकलने जाऊन पाहा, साधारण तेवढीच वाट. एवढे अंतर त्या मोटारी दीड मिनिटात कापत होत्या! आपल्या जागेवरून फक्त एक वळण दिसते, बाकीचे मोठ्या पडद्यावर पाहावे लागते. कानांत कापूस घातला होता, तरी पहिली गाडी समोरून गेली तेव्हा छाती थरारली.

शनिवारी जो एका फेरीत सर्वांत वेगवान ठरतो, तो रविवारी सर्वांत पुढे उभा राहतो. तो मान जर्मनीच्या सेबॅस्टियन व्हेटेलने मिळविला आणि ३० ऑक्टोबरला ६० फेऱ्यांची शर्यतही त्यानेच जिंकली. आपला नारायण कार्तिकेयन सतरावा आला. सचिन तेंडुलकरने शेवटचा झेंडा फडकविला. दलित समाजातील एक शिक्षिका मुख्यमंत्री झाली आणि तिने जगज्जेत्याच्या हाती करंडक दिला, हे पाहताना आमचा ऊर भरून आला. शर्यतीपूर्वी एक मिनिट स्तब्धता पाळली गेली. त्याच महिन्यात डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोन्चेली हे दोन शर्यतपटू परदेशातील ट्रॅकवर ठार झाले होते.

आमच्या मुलांचे लक्ष मात्र चालकांपेक्षा पिटकडे, म्हणजे गाडी क्षणभर थांबते त्या जागेकडे होते. वीसेक माणसे गाडीभोवती उभी असतात. कोणी गाडी उचलतो, कोणी नट काढतो, कोणी जुने चाक ओढतो, कोणी नवे बसवितो. चार सेकंदांच्या आसपास चारही चाके बदलून गाडी पुढे जाते. एकाचा हात चुकला तर सर्वांची मेहनत वाया! नाव चालकाचे होते, पण शर्यत कामगारांच्या हातांवर उभी असते, हे त्या मुलांनी आम्हाला सांगितले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या भागातील शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी शर्यतीआधी आंदोलनाचा इशारा दिला होता. ज्यांच्या शेतावरून हा विकास गेला त्यांपैकी कितीजण अडीच हजारांचे तिकीट काढू शकले असतील? पुढे २०१२ आणि २०१३ ला शर्यत झाली, दोन्ही वेळा व्हेटेलच जिंकला. करांचे वाद निघाले आणि २०१३ नंतर फॉर्म्युला वन तेथे परतली नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत तेवढी झाली.

म्हणून आम्हाला वाटते, फाटकावर तथागतांचे नाव लागले याचा आनंद जरूर मानावा, पण त्यावरच समाधान मानू नये. ज्या नावाने समता शिकविली, त्या नावाच्या मैदानात आपली मुले फक्त टाळ्या वाजवायला का जावीत? इंजिन बनविणारे, दुरुस्त करणारे, आखणी करणारे म्हणून त्यांनी आत गेले पाहिजे. आपल्या घरात एखादा पोरगा किंवा पोरगी स्कूटर उघडून बसत असेल, तर "हात काळे करू नकोस" म्हणून ओरडू नका. त्या मुलाला किंवा मुलीला आयटीआयचा, पॉलिटेक्निकचा फॉर्म आणून द्या. तो फॉर्म भरायला अडीच हजार लागत नाहीत.